निळ्या दगडाचा शेजार

दागिने घडवणारी एक तरुणी काही वर्षांपूर्वी दोन वस्तू घेऊन माझ्याकडे आली होती. एक होता जयपूरच्या बाजारातून आणलेला घोटीव निळा खडा, अंगठीत बसेल एवढा. त्यात सोनेरी कण चमकत होते आणि एका कडेला पांढरी शीर होती. दुसरी वस्तू काड्यापेटीत कापसावर ठेवलेली होती: पांढऱ्याशुभ्र संगमरवराचा तुकडा आणि त्यात रुतलेला गडद निळा, पैलूदार स्फटिक, करवंदाएवढा. पहिल्याच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं ‘लॅपिस लाझुली’, दुसऱ्याच्या चिठ्ठीवर ‘लॅझुराइट’. तिने विचारलं, “काका, दोन्ही निळे, दोन्ही अफगाणिस्तानातले. मग यांतलं अस्सल कुठलं?”

मी सांगितलं, पहिला रूपांतरित खडक आहे, दुसरं सिलिकेट खनिज आहे, आणि दोन्ही अस्सल आहेत. तिने मान डोलावली, पण तिच्या हाती काही लागलं नाही हे मला दिसत होतं. उत्तर बरोबर होतं, पण त्यात नुसती व्याख्या होती. खडक आणि खनिज यांतला फरक समजला की माणसाला नेमकं काय दिसू लागतं, हे मी तिला सांगितलंच नव्हतं. पुढची प्रकरणं लिहिली गेली ती त्या राहून गेलेल्या उत्तरासाठी.

मराठीत ‘दगड’ हा शब्द सगळ्यांना पोटात घेतो. पाटा दगडाचा, देऊळ दगडाचं, उंबऱ्याशी ज्याची ठेच लागते तोही दगडच. रोजच्या व्यवहाराला तेवढं पुरतं. भूशास्त्राला मात्र दोन शब्द लागतात. निसर्गात तयार झालेला, ठरावीक रासायनिक घडण आणि अणूंची ठरावीक मांडणी असलेला घन पदार्थ म्हणजे खनिज. अशी खनिजं एकत्र नांदतात तो खडक. खनिजाला सूत्र असतं. खडकाला सूत्र नसतं, त्याला घटना असतात: कुठे साचला, किती खोल गाडला गेला, किती तापला, कोणत्या पाण्याने भिजला. माणूस आणि गाव यांची तुलना करावी तसं हे आहे. माणसाची उंची सांगता येते. गावाची उंची विचारली तर सरासरी काढावी लागते, आणि ती सरासरी गावातल्या कुणाच्याच उंचीची नसते.

तरी तुलना होते, आणि ती करावीही. लॅझुराइटची घनता २.४ च्या आसपास, म्हणजे पाण्याच्या जवळजवळ अडीच पट. लॅपिस लाझुलीचा खडा तोलला तर बहुधा २.७ ते २.९ भरतो. निळा रंग लॅझुराइटचा असताना खडा त्याहून जड का? कारण त्यात पांढरा कॅल्साइट आहे, डायॉप्साइड नावाचं खनिज आहे, आणि ते सोनेरी कण पायराइटचे, म्हणजे लोह आणि गंधक यांच्या संयुगाचे आहेत. पायराइटची घनता ५ च्या घरात जाते. कठीणपणाचंही असंच. लॅझुराइट ५ ते ५.५, कॅल्साइट फक्त ३, पायराइट ६ च्या वर. खडा घोटणाऱ्या कारागिराला हे आकडे माहीत असोत वा नसोत, त्याच्या बोटांना फरक कळतो. पांढरी जागा आधी झिजते आणि खोलगट होते, सोनेरी कण वर उठून राहतो. एकाच खड्यात तीन प्रकारची झीज दिसली की समजावं, हातात खडक आहे.

नावांचा घोळ जुना आहे आणि तो सोडवण्यात आनंद आहे. ‘लॅपिस’ म्हणजे लॅटिनमध्ये दगड. पुढचा ‘लाझुली’ आला फारसी ‘लाजवर्द’वरून. इंग्रजीतला ‘अ‍ॅझ्युअर’ आणि स्पॅनिशमधला ‘अझूल’ हे निळ्याचे शब्द त्याच घराण्यातले. संस्कृत रसशास्त्राने याला ‘राजावर्त’ म्हटलं. ‘लॅझुराइट’ हे नाव एकोणिसाव्या शतकातलं: खडकातला निळा भाग वेगळा ओळखल्यावर खनिजशास्त्रज्ञांनी जुन्या नावातूनच ते घडवलं. म्हणजे माणसाला आधी खडक माहीत होता, हजारो वर्षं. खनिज फार उशिरा सापडलं, खडकाच्या आतच.

हा खडक जिथे पिकतो ती मुख्य जागा अफगाणिस्तानच्या ईशान्येला, बदख्शान प्रांतात आहे. कोकचा नदीच्या अरुंद खोऱ्यात सर-ए-संग नावाचं ठिकाण आहे, नावाचा अर्थ साधारण ‘दगडाचं डोकं’. तिथल्या उभ्या कड्यांत पांढऱ्या संगमरवराच्या थरांमध्ये निळ्या पट्ट्या आणि भिंगाच्या आकाराचे निळे गठ्ठे सापडतात. तिथून सहा हजारांहून अधिक वर्षं दगड काढला जातो आहे. उर शहराच्या राजेशाही दफनभूमीतले मणी, तुतनखामेनच्या सोनेरी मुखवट्यावरच्या भुवया, दोन्हींचा निळा दगड याच बाजूचा मानला जातो. सिंधू संस्कृतीच्या लोकांनी तर उत्तर अफगाणिस्तानात शोर्तुगाईला वसाहतच थाटली होती, आणि तिथे हा दगड घडवल्याच्या खुणा मिळाल्या आहेत.

१८३७-३८ च्या हिवाळ्यात ऑक्सस नदीच्या उगमाचा शोध घेत निघालेला जॉन वुड नावाचा नौदल अधिकारी या खाणीपर्यंत पोचला. त्याचं वर्णन मला फार मोलाचं वाटतं. खाणकामगार खडकाला आग लावून तापवत, हातोड्याने बाहेरचा थर उडवत, गार पाणी मारून तडे पाडत, आणि निळा गठ्ठा मोकळा करत. त्यांच्या भाषेत दगडाचे तीन प्रकार होते: नीली, आस्मानी, आणि तिसरा हिरवट. आपण लुगड्याचा रंग सांगताना जे दोन शब्द वापरतो, तेच दोन शब्द हिंदुकुशातल्या त्या खोऱ्यात दगडाची प्रत सांगायला वापरले जात होते.

सर-ए-संगचा हा संगमरवर मूळचा चुनखडी. चुनखडी समुद्रतळाशी साचली, गाडली गेली, तापली, दाबली गेली, आणि वितळल्याशिवाय, घनच राहून, तिचे कण नव्याने वाढले. रूपांतरित खडक म्हणतात तो हाच. रूपांतर म्हणजे वितळणं नव्हे, हे विद्यार्थ्यांना मी पुन्हा पुन्हा सांगतो, कारण तिथेच सगळ्यांची गल्लत होते. वितळला असता तर तो अग्निजन्य झाला असता. इथे घडलं ते घन अवस्थेतच घडलं. पण साध्या संगमरवरातून निळा रंग येत नाही. त्याला सिलिका आणि अ‍ॅल्युमिनियम लागतं, ते चिखलाच्या थरांतून मिळू शकतं. सोडियम आणि गंधक लागतं, आणि अनेक भूशास्त्रज्ञांच्या मते ते आटलेल्या समुद्राच्या मिठाच्या आणि जिप्समच्या थरांतून आलं असावं. इतके सोबती एका जागी, योग्य उष्णतेत भेटणं दुर्मिळ आहे, म्हणून पृथ्वीवर चांगल्या लॅपिसच्या जागा मोजक्या. बैकल सरोवराच्या काठची स्लुद्यांका, चिलीतल्या अँडीजमधली एक खाण, आणि बदख्शान. आणखी काही आहेत, पण प्रतीत बदख्शानच्या जवळ कुणी जात नाही.

आता खनिजाच्या आत जाऊ. सिलिकेट म्हणजे सिलिकॉनचा एक अणू आणि त्याच्या चार बाजूंना ऑक्सिजनचे चार अणू, हा मूळ घटक. हे घटक कोपऱ्याला कोपरा जोडून साखळ्या, पापुद्रे किंवा त्रिमित सांगाडे उभे करतात. लॅझुराइट सांगाड्यांच्या कुळातलं. सिलिकॉनच्या निम्म्या जागा अ‍ॅल्युमिनियमने घेतल्या आहेत, आणि सांगाड्यात एकसारखे पिंजरे तयार झाले आहेत. महाराष्ट्राच्या वाचकाला हा सांगाडा अगदीच परका नाही. आपल्या काळ्या बेसाल्टच्या पोकळ्यांत सापडणारे झिओलाइट, पुण्याच्या आणि जळगावच्या खाणींतून जगभरच्या संग्रहालयांत गेलेले, तेही असेच सांगाडे. त्यांच्या पोकळ्यांत पाणी असतं आणि तापवलं की ते निघून जातं. लॅझुराइटच्या पिंजऱ्यात सोडियम आणि कॅल्शियमच्या सोबतीला गंधक कोंडलेलं असतं, आणि ते सहजी सुटत नाही.

निळा रंग या कोंडलेल्या गंधकाचा. गंधकाचे तीन अणू आणि एक जादा इलेक्ट्रॉन यांचा एक लहानसा गट पिंजऱ्यात बसतो आणि सुमारे ६०० नॅनोमीटरचा नारिंगी प्रकाश गिळून टाकतो. उरलेला प्रकाश आपल्याला निळा दिसतो. तांबं नाही, कोबाल्ट नाही, लोह नाही. आपल्याला गंधक माहीत आहे पिवळं. तेच तिघांच्या गटात पिंजऱ्यात बसलं की जगातला सर्वांत प्रतिष्ठित निळा रंग होतं. दोन अणूंचा गट असेल तर पिवळी छटा येते, आणि दोन्ही मिसळले की हिरवट. कामगारांच्या तिसऱ्या प्रतीचं एक कारण इथे असू शकतं.

सूत्राच्या बाबतीत एक प्रामाणिक कबुली द्यायला हवी. खनिजाला ठरावीक सूत्र असतं हे मी वर लिहिलं, पण लॅझुराइट त्या नियमात घट्ट बसत नाही. सोडियमच्या जागी कॅल्शियम, गंधकाच्या जागी सल्फेट अशी अदलाबदल त्यात चालू असते, आणि हाउइन नावाच्या सख्ख्या भावंडापासून त्याला वेगळं कुठे करायचं यावर खनिजशास्त्रज्ञांत बराच ऊहापोह झालेला आहे. बाजारात लॅझुराइट म्हणून विकले जाणारे काही स्फटिक काटेकोर तपासात हाउइन ठरतात. गावाच्या सीमा धूसर असतात हे आपण मान्य करतो, इथे माणसाच्याच ओळखपत्रावर दुरुस्त्या होतात.

खडक आणि खनिज यांतला फरक प्रत्यक्ष बघायचा असेल तर युरोपातल्या चित्रकारांच्या कामाच्या खोलीत जावं. लॅपिस नुसता कुटला तर पूड राखाडी-निळी निघते. कॅल्साइट आणि इतर फिकट खनिजं बारीक होऊन रंग मारतात. इटलीच्या चेन्निनो चेन्नीनीने पंधराव्या शतकाच्या सुरुवातीच्या आपल्या पुस्तकात उपाय दिला आहे. पूड मेणात, पाइनच्या राळेत आणि मस्तकी डिंकात मळून तिचा गोळा करायचा, तो काही दिवस मुरू द्यायचा, मग राखेच्या क्षारपाण्यात दोन काठ्यांनी कणीक तिंबावी तसा तिंबत राहायचा. निळे कण पाण्यात उतरतात, बाकीचा गाळ गोळ्यातच राहतो. पहिल्या पाण्याचा निळा सर्वांत गडद, शेवटच्या पाण्याचा करडा, त्याला राखेचंच नाव होतं. या तिंबण्यात रूपांतरित खडकातून सिलिकेट खनिज बाहेर काढलं जात होतं. शास्त्राला तोवर लॅझुराइट हा शब्द ठाऊक नव्हता, पण चेन्नीनीच्या हातांना तो पदार्थ ठाऊक होता. समुद्रापलीकडून येणारा म्हणून या रंगाला ‘अल्ट्रामरीन’ म्हणत, आणि तो सोन्याच्या तोडीने महाग होता.

मग भट्टीने डोंगराचं काम केलं. जर्मन कवी गटेने १७८७ मध्ये सिसिलीतल्या चुन्याच्या भट्ट्यांत निळा थर जमलेला पाहिला होता. १८१४ मध्ये तास्सेर नावाच्या रसायनतज्ज्ञाला फ्रान्समधल्या सोड्याच्या भट्टीत तसाच निळा सापडला. १८२४ मध्ये फ्रान्सच्या उद्योग-प्रोत्साहन संस्थेने हा रंग स्वस्तात बनवण्यासाठी ६००० फ्रँकचं बक्षीस लावलं. ते १८२८ मध्ये झां-बातिस्त गिमे याला मिळालं, आणि त्याच वर्षी जर्मनीत ख्रिस्तियान ग्मेलिनने आपली कृती जाहीर केली. पांढरी चिनी माती, सोडा, गंधक आणि कोळसा एकत्र बंद भट्टीत तापवायचा, बस्स. पिंजरा तोच, गंधकाचा तिघांचा गट तोच, रंग तोच.

आणि मग तो आपल्या घरी आला. धुण्याच्या दिवशी आई शेवटच्या बादलीत निळीची पुडी फडक्यात बांधून बुडवायची आणि बाबांचे पांढरे सदरे त्यातून काढायची. नीळ म्हणजे एके काळी झाडाची नीळ. पण कपड्यांसाठी पुडीतून मिळू लागलेली ही निळी पूड बहुतेक करून कृत्रिम अल्ट्रामरीन होती. ज्या खनिजासाठी काफिले हिंदुकुश उतरत, ते आपल्या मोरीत चार पैशांना मिळत होतं. मला यात काही हरवल्याचं दुःख वाटत नाही. सुंदर गोष्ट सगळ्यांच्या हाती आली, हे चांगलंच झालं.

पण याच जागी खडकाचं मोल कळतं. कृत्रिम रंगाचे कण एकसारखे, बारीक, गोलसर असतात, आणि त्यांच्याजवळ कुणी नसतं. नैसर्गिक रंगाचे कण वेडेवाकडे, कपच्यांसारखे असतात, आणि कितीही तिंबून धुतले तरी त्यांच्यासोबत कॅल्साइटचा, डायॉप्साइडचा, अभ्रकाचा एखादा कण येतोच. सूक्ष्मदर्शकाखाली तो सोबती दिसला की कळतं, हा निळा डोंगरातून आला. खनिजाने रंग दिला, आणि तो कुठून आला ते खडकाने सांगितलं. या पुस्तकात मी त्याला ‘शेजार’ म्हटलं आहे. पुढच्या प्रत्येक प्रकरणात प्रश्न एकच आहे: या खनिजाच्या शेजारी कोण राहतं, आणि ते तिथे का राहतं?

शेजाराच्या साक्षीचं एक उदाहरण मला कधी विसरता येत नाही. जर्मनीतल्या डालहाइमच्या मठालगत पुरलेल्या एका मध्ययुगीन स्त्रीच्या दातांवरच्या किटणात निळे कण सापडले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ते लॅझुराइटचे ठरले, आणि त्यांच्यासोबत फ्लोगोपाइट नावाचं अभ्रकही मिळालं. म्हणजे निळा लॅपिसचा. सुमारे हजार वर्षांपूर्वीची ही स्त्री बहुधा पोथ्या रंगवणारी होती आणि कुंचल्याचं टोक ओठांत धरून सारखं करत असावी. तिचं नाव कुठेही लिहिलेलं नाही. तिच्या कामाची साक्ष काही खनिजकणांनी दिली.

आता अजिंठा. वाघूर नदीच्या घोड्याच्या नालासारख्या वळणावर कोरलेली ही लेणी बेसाल्टची, म्हणजे अग्निजन्य खडकाची. भिंतींवरचे बहुतेक रंग आसपासचेच. गेरू आणि पिवळी माती इथली. हिरवा रंग हिरव्या मातीचा, आणि ती माती म्हणजेही बेसाल्टच्या पोकळ्यांत तयार होणारं एक सिलिकेट खनिज, लेण्याच्या अगदी अंगणातलं. काळा काजळीचा. मात्र पाचव्या शतकात, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात रंगवलेल्या चित्रांतला निळा लॅपिस लाझुलीचा आहे. सर-ए-संगपासून अजिंठा सरळ रेषेत सुमारे १८०० किलोमीटर. घाट, नद्या आणि बाजारपेठा धरल्या तर वाट कितीतरी लांब. इथल्या चित्रकाराकडे निळ्याशिवाय सगळे रंग होते, आणि निळ्यासाठी त्याने हिंदुकुशातला रूपांतरित खडक सह्याद्रीच्या अग्निजन्य भिंतीवर आणला. अफगाणिस्तानातल्याच बामियानच्या गुहाचित्रांतही हा निळा सापडला आहे. अजिंठ्याबद्दल आपण शिल्प म्हणून, बौद्ध कथा म्हणून पुष्कळ लिहिलं आहे. या रंगांचं भूशास्त्र मराठीत फारच थोडं लिहिलं गेलं, आणि ही उणीव मला डाचते.

बाजारात जाणाऱ्यांसाठीही दोन शब्द. लॅपिस म्हणून बऱ्याचदा सोडालाइट विकला जातो. तोही सिलिकेट, त्याच पिंजऱ्याच्या कुळातला, निळा आणि देखणा. पण त्याची घनता २.३ च्या आसपास, त्यात पायराइटचे सोनेरी कण सहसा नसतात, आणि निळ्यात पांढरे पट्टे ढगांसारखे पसरलेले असतात. रोमन लेखक प्लिनीने ज्या ‘सॅफायरस’ नावाच्या निळ्या रत्नाचं वर्णन सोनेरी ठिपक्यांसह केलं, तो आजचा नीलम नव्हे, हाच लॅपिस, हे अभ्यासकांनी त्या ठिपक्यांवरून ओळखलं. पुन्हा शेजारच कामी आला. रंगवलेला पांढरा दगड विकणारेही असतात. मला एका दुकानात असा खडा खात्रीने दिला गेला होता, आणि नखांचा रंग काढण्याच्या द्रावणात बुडवलेला कापूस त्यावर फिरवताच कापूसच निळा झाला. घरी तेवढी चाचणी करावी. आम्लाची चाचणी मात्र प्रयोगशाळेतच. हायड्रोक्लोरिक आम्लाच्या थेंबाने कॅल्साइट फसफसतो आणि लॅझुराइटमधलं गंधक सुटून सडक्या अंड्यासारखा वास येतो. तो वायू विषारी आहे आणि खडाही कायमचा बिघडतो.

या दगडाची एक बाजू वाचकापासून लपवणं मला पटत नाही. बदख्शानच्या खाणींवर अनेक दशकं सशस्त्र गटांचा डोळा राहिला आहे. २०१६ मध्ये ग्लोबल विटनेस या संस्थेने आपल्या अहवालात अफगाण लॅपिसला संघर्षाचं खनिज म्हटलं. त्या निळ्यातून कोणाच्या हाती शस्त्र गेलं आणि कोणाच्या हाती फक्त फोड आले, यावर शेवटचं प्रकरण आहे. ते वाचायला जड आहे. तरी ते वगळू नये, ही विनंती.

त्या तरुणीने काड्यापेटीतला स्फटिक संगमरवरातून सोडवून दागिन्यात बसवायचं ठरवलं होतं. मी तिला सांगितलं, पांढरा दगड काढू नकोस. निळा कुठला, हे तो पांढराच सांगतो. तिने स्फटिक तसाच ठेवला आहे. वाचकांनाही एवढंच सांगायचं आहे: अजिंठ्याला जाल तेव्हा १ आणि २ क्रमांकांच्या लेण्यांत छताकडे बघा, डोळे अंधाराला सरावू द्या, निळा शोधा, आणि बाहेर पडताना उंबऱ्यापाशीच्या काळ्या बेसाल्टवर एकदा नजर टाका.